रापा नुईला पहिल्यांदा जाताना: मोआई कोणत्या क्रमानं आणि कसे पाहावेत

जैसलमेरच्या पश्चिमेला वाळवंटात उभं राहून पृथ्वीच्या केंद्रातून आरपार सुई घातली, तर ती पलीकडे जवळजवळ नेमकी ईस्टर आयलंडवर निघेल. त्यामुळे मुंबई-पुण्याहून तिथे जायला जवळचा रस्ता असा नाहीच. पूर्वेकडून जा की पश्चिमेकडून, प्रवास लांबलचकच होणार. तिथले लोक बेटाला आणि स्वतःलाही रापा नुई म्हणतात, म्हणून मीही पुढे तेच नाव वापरतो. ‘ईस्टर’ हे नाव डच दर्यावर्दी याकोब रोख्खेवेन १७२२ साली ईस्टरच्या रविवारी तिथे पोचला म्हणून पडलं. १८८८ पासून बेट चिलीच्या ताब्यात आहे. चिलीच्या किनाऱ्यापासून ते साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे आणि त्याचं क्षेत्रफळ जेमतेम १६४ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहूनही कमी.

एवढ्याशा जागेत हजाराच्या आसपास दगडी पुतळे आहेत. त्यांना मोआई म्हणतात आणि ज्या दगडी चौथऱ्यांवर ते उभे केले जात त्यांना आहू. असे आहू तीनशेच्या घरात आहेत. बहुतेक पर्यटक दोन-तीन दिवसांसाठी येतात, पहिल्याच सकाळी पंधरा पुतळ्यांच्या प्रसिद्ध रांगेसमोर फोटो काढतात आणि मग उरलेलं बेट त्यांना ‘तेच तेच’ वाटायला लागतं. पुतळ्यांचा यात काही दोष नाही, क्रम चुकलेला असतो. कोणती जागा आधी आणि कोणती नंतर, यावर इथे फार अवलंबून आहे. या लेखात तयारीचं सगळं आहेच, पण जास्त जागा त्या क्रमाला दिली आहे.

निघण्याआधी घरी करायची कामं

पहिलं काम व्हिसाचं. भारतीय पासपोर्टवर चिलीला जायला व्हिसा लागतो. ज्यांच्याकडे किमान सहा महिने शिल्लक असलेला अमेरिकेचा व्हिसा आहे, त्यांना पर्यटनासाठी सूट दिली जाते. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना आणि तिकडे मुलांकडे जाऊन येणाऱ्या आईवडिलांना हे सोयीचं पडतं. पण असे नियम बदलत असतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या चिलीच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या. एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

दुसरं काम लसीचं, आणि ते बरेच जण विसरतात. भारतातून सान्तियागोला, म्हणजे चिलीच्या राजधानीला, जाण्याचा एक सोयीचा मार्ग ब्राझीलमधून, साओ पावलोवरून जातो. ब्राझील हा पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा देश. तिथे राहून किंवा बराच वेळ थांबून परत येणाऱ्या प्रवाशाकडे भारतात उतरताना लसीचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. तुमचा मार्ग युरोपवरून किंवा अमेरिकेवरून असेल तर या भानगडीत पडायची गरज नाही.

तिसरं, सामानातला खाऊ. आपल्याकडे लांबच्या प्रवासाला निघताना घरातून लाडू, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, भाजके दाणे असा डबा निघतोच. चिलीचं कृषी खातं या बाबतीत फार कडक आहे. ताजी फळं, भाज्या, बिया, दुधाचे पदार्थ, मध यांवर बारीक नजर असते. काय आणलं आहे ते उतरण्याआधी भरायच्या जाहीरनाम्यात लिहायचंच. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतील. न लिहिलेली सापडली तर दंड होतो. कारखान्यात बंद केलेली पाकिटं बरी, पण तीसुद्धा जाहीर करा. रापा नुईवर झाडाझुडपांची परिस्थिती आधीच नाजूक आहे, त्यामुळे बाहेरून बी-बियाणं नेणं तिथल्या लोकांनाही खपत नाही.

विजेचं सोपं आहे. तिथे आपल्यासारखाच २२० व्होल्टचा पुरवठा असतो. दोन गोल पिनांचे चार्जर चालतात, आपली तीन जाड पिनांची प्लग मात्र बसत नाही. एक साधा अडॅप्टर पुरतो.

बेटावर शिरण्याची कागदपत्रं

सान्तियागोहून बेटावरच्या मातावेरी विमानतळाला लाताम कंपनीचं विमान जातं. जाताना साडेपाच तासांच्या आसपास लागतात, येताना थोडे कमी. उड्डाण देशांतर्गत असलं तरी वागणूक आंतरराष्ट्रीय प्रवासासारखी असते, कारण २०१८ पासून बेटावर मुक्कामाचे वेगळे नियम लागू आहेत. बाहेरच्या कोणालाही, अगदी चिलीच्या नागरिकालाही, ३० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. विमानात चढण्याआधी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: परतीचं तिकीट, पर्यटन खात्याकडे नोंदलेल्या निवासाचं आरक्षण आणि ऑनलाइन भरलेला प्रवेश अर्ज.

यातल्या निवासाच्या अटीकडे लक्ष द्या. इंटरनेटवर स्वस्तातली खोली दिसते, पण ती जागा अधिकृत नोंदणीची नसेल तर सान्तियागोच्या काउंटरवर तुमची अडवणूक होऊ शकते. आरक्षण करतानाच मालकाला नोंदणीबद्दल सरळ विचारा. स्थानिक कुटुंबाच्या घरी राहणार असाल तर त्यांच्याकडून रीतसर निमंत्रणपत्र घ्यावं लागतं. सगळ्या कागदांच्या छापील प्रती जवळ ठेवा आणि विमानतळावर तीन तास आधी पोचा. परदेशातून येऊन त्याच दिवशी पुढचं विमान धरायचा विचार असेल तर तो सोडून द्या, सान्तियागोत एक रात्र काढा. बेटावर जाणारी विमानं मोजकीच आहेत. एक चुकलं की पुढच्यात जागा मिळेलच असं नाही.

कधी जावं, किती दिवस ठेवावे

हवा बाराही महिने सुसह्य असते. जानेवारी ते मार्च हा तिथला उन्हाळा, दिवसा २७-२८ अंशांपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये १८ अंशांच्या आसपास आणि वाऱ्यामुळे त्याहून गार वाटतं. पाऊस कधीही येतो आणि पंधरा मिनिटांत निघूनही जातो. एप्रिल-मेमध्ये त्याचा जोर जास्त. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तापाती हा मोठा उत्सव असतो. नाच, गाणी, अंगावर रंगवलेली चित्रं, आणि केळीच्या खोडांवर बसून डोंगरउतारावरून भन्नाट वेगानं घसरत येण्याची हाका पेई ही स्पर्धा. उत्सव पाहायचा असेल तर निवास बरेच महिने आधी धरावा लागतो. फक्त मोआईंसाठी जाणार असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, ऊन मवाळ आणि गर्दी कमी.

पूर्ण चार दिवस ठेवा. तीनमध्ये उरकतं, पण धावपळ होते. दोन दिवसांसाठी एवढ्या लांब जाणं मला पटत नाही.

उतरल्यावर: तिकीट आणि गाइड

बेटाचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान १९३५ साली झालं आणि १९९५ मध्ये त्याला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. त्याचा कारभार २०१७ पासून माउ हेनुआ ही रापा नुई लोकांचीच संस्था पाहते. आधी हे काम चिलीच्या वनखात्याकडे होतं. आपल्याच पूर्वजांच्या जागा पाहायला येणाऱ्यांचा पैसा आपल्या हातात नाही, यावरून तिथे मोठा संघर्ष झाला होता. तेव्हा तिकीट महाग वाटलं तरी ते कोणाकडे जातं हे लक्षात असू द्या. परदेशी प्रौढांसाठी बरीच वर्षं ८० डॉलर दर होता. निघण्याआधी ताजा आकडा पाहून घ्या. तिकीट ऑनलाइन किंवा हांगा रोआ या एकुलत्या एका गावातल्या कार्यालयात मिळतं आणि दहा दिवस चालतं.

नवख्या माणसानं एक अट आधीच समजून घ्यायला हवी. एका तिकिटावर रानो राराकू (मोआईंची खाण) आणि ओरोंगो (ज्वालामुखीच्या काठावरची जुनी दगडी घरं) या दोन जागांना प्रत्येकी एकदाच प्रवेश आहे. बाकीच्या ठिकाणी कितीही वेळा जाता येतं. म्हणजे या दोन जागा थकल्या अंगानं, भर पावसात किंवा संध्याकाळी घाईत वापरून टाकायच्या नाहीत.

दुसरी अट गाइडची. करोनाकाळात दोन वर्षांहून जास्त बंद राहिलेलं बेट ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हापासून बहुतेक महत्त्वाच्या स्थळांवर मान्यताप्राप्त गाइड किंवा स्थानिक रापा नुई यजमान सोबत असणं सक्तीचं आहे. गावालगतचं ताहाई याला अपवाद. काही प्रवाशांना ही सक्ती जाचक वाटते. मला ती योग्य वाटते, कारण या पुतळ्यांजवळ माहितीचे फलक फार नाहीत आणि सांगणारा नसेल तर डोळ्यांना फक्त दगड दिसतो. गाइड निवडताना दोन प्रश्न विचारा: इंग्रजी किती सफाईनं बोलता, आणि गटात माणसं किती. दहा-बाराच्या वर गट असेल तर दुसरा शोधा. चार-पाच जण मिळून दोन दिवसांसाठी खासगी गाइड केला तर खर्च विभागला जातो आणि कुठे किती थांबायचं हे आपल्या हातात राहतं.

पहिला दिवस: संग्रहालय आणि ताहाई

विमान बहुतेक दुपारी उतरतं. सामान टाकून तिकीट घ्या आणि चालत गावाच्या उत्तर टोकाला फादर सेबास्तियान एंगलर्ट मानववंश संग्रहालयात जा. प्रवेश विनामूल्य आहे, सुट्टीचा वार तेवढा आधी विचारून घ्या. संग्रहालय लहान आहे, पण तिथली एक वस्तू पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये: पांढऱ्या प्रवाळाचा, आत लाल दगडाची बाहुली बसवलेला मोआईचा मूळ डोळा. १९७८ साली आनाकेनाच्या किनाऱ्यावर उत्खननात तो सापडला. सर्जिओ रापू या रापा नुई पुरातत्त्वज्ञाच्या नेतृत्वाखाली ते काम चाललं होतं. तोवर त्या रिकाम्या खोबणी आधीपासूनच तशा होत्या असा बहुतेकांचा समज होता. खरी गोष्ट अशी की पुतळा आहूवर उभा राहिला की मगच त्याला डोळे बसवत. डोळे बसले की पूर्वजाची शक्ती, तिकडच्या भाषेत माना, त्यात उतरे आणि समोरच्या वस्तीवर तिची कृपा राही. म्हणूनच जवळजवळ सगळे मोआई समुद्राकडे पाठ करून गावाकडे पाहतात.

तिथून पाच-दहा मिनिटांवर ताहाई. एका जागी तीन आहू. त्यांतल्या को ते रिकू नावाच्या आहूवरच्या मोआईला डोळे आहेत (आधुनिक प्रतिकृती, पण मूळ कसे दिसत असतील ते कळतं) आणि डोक्यावर लाल दगडाची पुकाओ, म्हणजे टोपीही. या जागेची पुनर्बांधणी अमेरिकी पुरातत्त्वज्ञ विल्यम मलॉय यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी केली आणि त्यांचं स्मारकही इथेच आहे. सूर्य समुद्रात, मोआईंच्या पाठीमागे मावळतो. गवतावर बसायला जागा भरपूर आहे, मात्र आहूच्या दगडांवर बसायचं नाही.

दुसरा दिवस: आधी पडलेले, मग अर्धवट, मग उभे

हा दिवस दक्षिण किनाऱ्याचा आणि सगळ्यांत मोठा. सकाळी आठच्या सुमारास निघा. गाइड थेट टोंगारिकीला, म्हणजे त्या पंधरा पुतळ्यांच्या रांगेकडे, नेऊ म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा.

पहिला थांबा वाइहू किंवा आकाहांगा. इथे मोआई तोंडावर पडलेले आहेत, माना तुटलेल्या, टोप्या घरंगळून दूर गेलेल्या. रोख्खेवेन आला तेव्हा मोआई उभे होते. १८६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत एकही आहूवर उभा राहिला नव्हता. आज आहूंवर जे उभे दिसतात ते सगळे विसाव्या शतकात पुन्हा उभारलेले आहेत. ही गोष्ट आधी डोळ्यांनी पाहिली की पुढचं सगळं वेगळं दिसायला लागतं. ते का पाडले गेले, यावर गाइडचं म्हणणं ऐका: कुळाकुळांमधली वैरं, जुन्या श्रद्धेचा ऱ्हास, भूकंप अशी वेगवेगळी उत्तरं मिळतात. बेटवासीयांनी झाडं तोडून, आपसांत मारामाऱ्या करून स्वतःचा नाश ओढवून घेतला ही लोकप्रिय कथाही कानावर येईलच. तिच्याकडे आता संशोधक संशयानं पाहतात. प्राचीन डीएनएवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाला सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूण मिळाली नाही. खरा कडेलोट नंतर झाला आणि त्याचं कारण कागदोपत्री नोंदलेलं आहे. १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलामव्यापाऱ्यांनी शेकडो माणसं पळवून नेली, मग देवी आणि क्षयरोग आला, आणि १८७७ पर्यंत बेटावर फक्त १११ रापा नुई उरले.

दुसरा थांबा रानो राराकू. ज्वालामुखीचा हा डोंगर म्हणजे मोआईंची खाण. जवळपास सगळे मोआई इथल्याच, राख दाबून घट्ट झालेल्या पिवळसर करड्या दगडातून कोरले गेले आणि चारशेच्या आसपास अजून इथेच आहेत. दोन तास ठेवा. उतारावर मातीतून वर आलेली मुंडकी दिसतात तेव्हा सगळ्यांना वाटतं की हे फक्त डोक्यांचे पुतळे. मातीखाली पूर्ण धड आहे, हात पोटावर टेकलेले आहेत. डोंगरावरून वाहून आलेल्या मातीनं ते शतकानुशतकं गाडत गेले.

इथे पुतळा शोधण्यापेक्षा कामाचे टप्पे शोधा. वर कड्यात नुसती बाह्यरेषा खोदलेला एखादा मोआई दिसतो. जवळच दुसरा, चेहरा आणि पोट पूर्ण झालेला, पण पाठ अजून खडकाला चिकटलेली. कारागीर तोकी नावाच्या कठीण बेसाल्टच्या हत्यारांनी समोरची बाजू पूर्ण करत, शेवटी पाठीखालचा दगडाचा कणा तोडत, दोरांनी पुतळा उतारावर सरकवत, खाली खड्ड्यात उभा करत आणि मग पाठ घडवत. पायवाटेवरून चालताना हे सगळे टप्पे, जणू कामगार जेवायला गेलेत, असे एकापुढे एक दिसतात. सगळ्यांत मोठा, २१ मीटरचा, अजून खडकातच आडवा आहे. तो बाहेर काढता आला असता का, यावर तासभर वाद घालता येईल. गुडघ्यांवर बसलेला, दाढी असलेला तुकुतूरी चुकवू नका. इतर कोणासारखाच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये या भागात वणवा लागला आणि काही मोआई आगीनं कायमचे पोळले. काळवंडलेले दगड दिसले तर ते त्याचे. विवराच्या आतल्या तळ्याकडची वाट उघडी आहे का, ते गाइडला विचारा.

इथून ते नेले कसे? रापा नुई परंपरा सांगते, मोआई चालत गेले. १९८६ साली पावेल पावेल या चेक अभियंत्यानं उभा मोआई दोरांनी डोलवत पुढे सरकवून दाखवला. २०१२ मध्ये टेरी हंट आणि कार्ल लिपो या पुरातत्त्वज्ञांच्या प्रयोगात अठरा माणसांनी तीन दोरांच्या मदतीनं चार टनांहून जड प्रतिकृती डुलत-डुलत ‘चालवली’. आडवा घालून ओंडक्यांवरून नेला असं मानणारेही आहेत. रस्त्याकडेला पडलेले मोआई दिसले की थांबून ते पालथे आहेत की उताणे, ते पाहा. वादातला बराचसा पुरावा तोच आहे.

आणि आता टोंगारिकी. खाणीतून समोरच दिसतं ते. बेटावरचा सगळ्यांत मोठा आहू, त्यावर पंधरा मोआई, सर्वांत जड ८६ टनांचा. १९६० साली चिलीच्या महाभूकंपानंतर आलेल्या त्सुनामीनं आधीच पडलेले हे पुतळे आतल्या बाजूला दूरवर फेकून दिले होते. १९९० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ क्लाउदिओ क्रिस्तिनो यांच्या पथकानं जपानी तादानो कंपनीच्या क्रेननं ते पुन्हा उभे केले. पंधरांपैकी एकाच्याच डोक्यावर पुकाओ बसवलेली आहे, बाकीच्या जमिनीवर ठेवल्या आहेत. प्रत्येकाची उंची, कान, हनुवटी निरखा. तासाभरापूर्वी खाण पाहिलेली असेल तर हे पंधरा जण तुम्हाला वेगवेगळे दिसतील.

उत्तर किनाऱ्यावर ते पितो कुरा लागतं. आहूवर उभारलेल्यांत सर्वांत मोठा मोआई पारो, दहा मीटरचा, इथे पालथा पडला आहे. जवळ एक गुळगुळीत गोल दगड आहे, त्यातल्या लोहामुळे होकायंत्राची सुई भरकटते. ‘ऊर्जा’ घ्यायला येणाऱ्यांनी त्याला इतकं हाताळलं की आता कुंपणाबाहेरूनच पाहायचा. शेवटी आनाकेना: पांढरी वाळू, नारळाची झाडं, पोहण्याजोगा समुद्र. पहिला राजा होतू मातुआ इथेच उतरला असं परंपरा सांगते. इथल्या नाउ नाउ आहूवरचे मोआई वाळूत गाडले गेल्यामुळे त्यांच्या पाठीवरचं कोरीव काम टिकलं. शेजारी एकटा उभा असलेला मोआई १९५० च्या दशकात थोर हायरडाल या नॉर्वेच्या संशोधकाच्या मोहिमेवेळी बारा रापा नुई माणसांनी अठरा दिवसांत, फक्त लाकडी तरफा आणि खाली सारलेले दगड वापरून उभा केला.

तिसरा आणि चौथा दिवस

ओरोंगोसाठी स्वच्छ सकाळ निवडा. ढग असतील तर दिवस बदला, कारण प्रवेश एकदाच आहे. रानो काऊ या ज्वालामुखीचं दीड किलोमीटर रुंद विवर, तळाशी लव्हाळ्यानं भरलेलं तळं, आणि त्याच्या काठावर चपट्या दगडांची पन्नासहून जास्त बुटकी घरं. मोआईंचा काळ संपत आला तेव्हा इथे पक्षिमानवाचा संप्रदाय जोरात होता. दरवर्षी स्पर्धक उभा कडा उतरत, समुद्र पोहून मोतू नुई या छोट्या बेटावर जात आणि समुद्री पक्ष्याचं हंगामातलं पहिलं अंडं आणत. ज्याच्या वतीनं ते आणलं तो प्रमुख वर्षभर तांगाता मानू, म्हणजे पक्षिमानव. ही प्रथा १८६० च्या दशकात थांबली. कड्यावरून ते बेट समोर दिसतं आणि पोटात गोळा येतो. होआ हाकानानाइआ हा बेसाल्टचा प्रसिद्ध मोआई ओरोंगोतल्याच एका घरातून १८६८ मध्ये ब्रिटिश जहाजानं नेला. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि २०१८ मध्ये रापा नुई शिष्टमंडळानं लंडनला जाऊन तो परत मागितला.

परतताना विनापू करा. तिथल्या आहूचे दगड इतके तंतोतंत बसवले आहेत की पेरूतल्या इंका भिंती आठवतात. दक्षिण अमेरिकेशी जुना संपर्क होता हे मूळ तिकडच्या रताळ्यानं फार पूर्वीच सांगितलं होतं, आणि २०२४ च्या त्याच डीएनए अभ्यासानं त्याला दुजोरा दिला. पण भिंतीवरून मात्र असा निष्कर्ष काढू नये. पॉलिनेशियन कारागीर स्वतःही उत्तम दगड घडवत.

भारताशी संबंध जोडणाराही एक किस्सा आहे. १९३२ मध्ये हेवेशी नावाच्या हंगेरियन अभ्यासकानं रापा नुईची रोंगोरोंगो लिपी आणि सिंधू लिपी यांच्यातलं साम्य दाखवून खळबळ उडवली. दोन्हींमध्ये हजारो वर्षांचं आणि अर्ध्या पृथ्वीचं अंतर, आणि दोन्ही अजून वाचता आलेल्या नाहीत. तेव्हा व्हॉट्सॲपवर ‘ईस्टर बेटावर सिंधू संस्कृती’ असं आलं तर पुढे पाठवू नका.

चौथ्या दिवशी पुना पाउ, ही लाल पुकाओंची खाण. मग आकिवीचे सात मोआई, जे समुद्राच्या दिशेला तोंड करून उभे आहेत. आना ते पाहू या लाव्हाच्या भुयारात केळीची झाडं वाढतात, टॉर्च न्या. पायांत जोर असेल तर टेरेवाकाच्या माथ्यावर चढा. ५०७ मीटर उंची म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या मंडळींना काहीच नाही, पण तिथून चहूबाजूंना फक्त समुद्र दिसतो. टोंगारिकीचा सूर्योदय यांतल्याच एखाद्या पहाटे करा. डिसेंबर ते मार्च सूर्य पुतळ्यांच्या मागून उगवतो. इतर महिन्यांत तो बाजूला सरकतो, तेव्हा प्रसिद्ध फोटोसारखा फोटो मिळणार नाही.

हात लावायचा नाही

आहू हे चौथरे आहेत तशाच दफनाच्या जागाही. आपल्याकडे वेशीवरच्या वीरगळावर जसा कोणी पाय ठेवत नाही, तसंच इथे समजावं. मोआईला स्पर्श नाही, आहूवर चढणं नाही, पायवाट सोडणं नाही, परवानगीशिवाय ड्रोन नाही. २००८ साली एका फिनिश पर्यटकानं आनाकेनाच्या मोआईच्या कानाचा तुकडा तोडला, त्याला सुमारे १७ हजार डॉलर दंड झाला. गाडी लावतानाही भान ठेवा, कारण रस्त्याकडेचा साधा दिसणारा दगडांचा ढीग आहू असू शकतो. २०२० मध्ये एक पिकअप ट्रक असाच एका आहूवर आदळला होता. चढत्या माणसाचा फोटो काढणाराही तिथे तितकाच दोषी ठरतो आणि लोक तोंडावर बोलतात.

फिरणं, खाणं, पैसे

बस नाही. गाडी, स्कूटर, सायकल भाड्यानं मिळते. आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर ठेवा. बेटावर भाड्याच्या गाड्यांना विमा मिळत नाही, ओरखड्याचे पैसे खिशातून जातात, आणि मोकाट घोडे रात्री रस्त्यावर उभे असतात. अंधारात गाडी हळू हाकणं एवढाच उपाय. सावली कुठेच नाही, म्हणून टोपी, सनस्क्रीन आणि पाण्याची बाटली रोज लागते. डेंग्यूचे डास आहेत, मलम न्या. दवाखाना हांगा रोआत आहे, गंभीर रुग्णाला मात्र विमानानं सान्तियागोला हलवावं लागतं. प्रवास विम्यात त्या खर्चाची तरतूद आहे ना, ते पॉलिसी वाचून पाहा.

सगळं बाहेरून येत असल्यानं जेवण महाग. ट्यूना खाणाऱ्यांची चैन आहे. शाकाहारी माणसानं स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, बाजारात रताळी, अळूचे कंद, केळी, पेरू आणि लहान गोड अननस मिळतात. चीज भरलेले, करंजीसारखे एम्पानादा बहुतेक ठिकाणी असतात, पण तेलात काय काय तळलं आहे हे विचारायला स्पॅनिशची दोन वाक्यं पाठ करून जा. ‘इओराना’ म्हणजे नमस्कार आणि ‘माउरुरू’ म्हणजे आभार, हे दोन शब्द रापा नुईत म्हटले की समोरचा माणूस खुलतो. एटीएम मोजकीच आहेत आणि कधी रिकामी असतात, चिली पेसो सान्तियागोतूनच न्या. रविवारी असाल तर गावातल्या चर्चमधली प्रार्थना ऐका. गाणी रापा नुई भाषेत असतात.

आठवण म्हणून दगड, वाळू, प्रवाळ काही उचलायचं नाही, विमानतळावर पिशव्या तपासतात. चर्चजवळच्या बाजारात लाकडी कोरीव मूर्ती मिळतात. बरगड्या निघालेली मोआई कावाकावा ही त्यांतली सर्वांत जुन्या परंपरेची. पूर्वी ती तोरोमिरोच्या लाकडात करत. ते झाड बेटावरच्या रानातून १९६० मध्ये नाहीसं झालं, आता दुसरं लाकूड वापरतात. कोरणाऱ्याकडूनच घ्या, दुकानातल्या राळेच्या ठशांवर पैसे घालवू नका. पोस्टात मोआईचा शिक्का हौसेनं पासपोर्टवर मारून घेणारे बरेच दिसतील. पासपोर्टात असे हौशी शिक्के असले की पुढच्या एखाद्या विमानतळावर अधिकारी हरकत घेऊ शकतो. त्यापेक्षा दोन पोस्टकार्डं घ्या, शिक्का त्यांवर मारा आणि घरच्या पत्त्यावर टाका.